रिकामा पाळणा हलवू नये

९ जानेवारी १९९७
वही सिमेंटवाल्याची, मागच्या सालची. मुकादमाला दोन मिळाल्या, त्यातली एक त्याने संगीला दिली. वार जुने छापलेत म्हणून संगी वार खोडते, तारीख ठेवते. मी सांगणार, नात लिहिणार. दगडू म्हणाला, "आये, सारा दिस बोलतीस ते पुरंना व्हय, आता वहीत बी बोलणार?" म्हटलं, तू ऐकत न्हाईस. वही ऐकतीया.

संगी माझं न्हाई खोडून नाही लिहिते. सातवीला आहे, चालायचंच. दुसऱ्याच्या तोंडचं मात्र आहे तसंच उतरव म्हणून बजावलंय. उद्या कोणी शब्द फिरवला तर तारीख दाखवता येईल.

आज सुरुवात केली ती दुपारच्या सुरुंगामुळे. कॅनॉलचं खोदकाम, खाली सगळा काळा खडक. सुरुंगाआधी तीन शिट्ट्या होतात. पहिलीला लाल झेंडा, दुसरीला माणसं मागं, तिसरी झाली की बार. पोरांच्या झोळ्या बांधावरच्या बाभळीला. पहिल्या शिट्टीला बाया पाट्या टाकून झोळ्यांकडे धावतात. होन्नव्वा, आमच्या शेजारच्या खोपटातली, विजापूरकडची, आज पार तळात होती. वर यायला वेळ लागला. नारळाएवढा दगड तिच्या लेकीच्या झोळीपासून हातभरावर पडला. पोरगी जागीसुद्धा झाली नाही. होन्नव्वा अजून तिथंच बसलीय म्हणे.

सुरुंगाची भोकं मारणारा माझाच मुलगा. त्याने आज भाकरी अर्धी ठेवली.

१० जानेवारी
संगी म्हणते, आजी, वस्तीचं पण लिहू या, निबंधाला उपयोगी पडेल. लिही.

विट्याच्या अलीकडचा माळ. तीन ओळी. पहिली वडारांची, दगड फोडणारे. दुसरी विजापूरकडची. तिसरी आम्ही माणदेशातले. आमचं खोपट म्हणजे डांबराच्या पिंपाचे उलगडलेले पत्रे, मधे गोणपाट, वर उसाचं पाचट, त्यावर प्लास्टिक, त्यावर चार दगड. वारा सुटला की चारही दगड एकमेकांना हाका मारतात. पाणी टँकरचं, येईल तेव्हा. संडास म्हणजे सगळा माळ, फक्त बायांनी उजेडायच्या आत आटपायचं.

अडीच वर्षांत हा चौथा माळ. चूल जरा काळी झाली की मुकादम म्हणतो, चला पुढं. कॅनॉल पुढं सरकतो तसे आम्ही सरकतो. पाणी आमच्या मागून येणार आहे म्हणतात. आजवर तरी नुसती धूळ आली.

१३ जानेवारी
सुनेला, शालनला, आठवा महिना संपत आला. अजून पाटी उचलते. म्हटलं, पोरी, आता पुरं कर. तर म्हणते, "संक्रांतीपातूर जाते आत्याबाई. मग बसते." दरवेळी एखादा सण पुढं करते. संक्रांत झाली की शिवरात्र म्हणेल, शिवरात्र झाली की पोर स्वतःच पाटी धरून बाहेर येईल.

दगडू काही बोलत नाही. बायकोपुढं नाही, माझ्यापुढं नाही. बोलतो ते फक्त खडकाशी, आणि तेही यंत्राने.

मला एकच विचारायचं होतं, पोर झाल्यावर झोळी कुठं बांधणार. विचारलं नाही. तीच बाभळ आहे. दुसरी कुठाय.

१६ जानेवारी
मुकादम आला. (संगी त्याला इथून पुढं मु. लिहिणार, वही वाचवायला.) नाव नामदेव, इथलाच, जवळच्या वाडीचा. माणूस वाईट नाही, पण वरच्याने शिंकलं की खाली ह्याला सर्दी होते.

"आज्जे, एक काम हाय. बसून करायचं."
"बसून करायचं काम तू मला दिलंस म्हंजी कायतरी भानगड हाय नामा."
भानगड अशी: बावीस तारखेला सरकारी बाई तपासणीला येणार. मजुरांच्या पोरांना पाळणाघर आहे का, बघणार. नाही म्हटलं तर वरचे साहेब मु.ला खातील. तर सिमेंटचं कोठार, वस्तीतली एकुलती एक विटांची खोली, रिकामी करायची, चुना मारायचा, पाळणे आणायचे, आणि मी तिथं आया म्हणून बसायचं.
"मीच का?"
"दात न्हाईत, केस पांढरं. बगितलं की पटतं."
"एक दिवस?"
"एकच दिवस. बाई गेली की सिमेंट आत."
मी हो म्हटलं. पाठ टेकायला भिंत मिळेल, एक दिवस का होईना. विटांच्या भिंतीला पाठ लावून बसल्याला वर्षं झाली.

१८ जानेवारी
खोली गुलाबी केली. चुन्यात काय मिसळलं देव जाणे. देव आपण सोडले, म्हणून संगीने देव खोडून "कोण" लिहिलं. खोडू दे.

२० जानेवारी
आज घोटाळा झाला.

ट्रॅक्टरवर आठ लोखंडी पाळणे आले, निळे, नवे कोरे. मु.ने ते रांगेत उभे केले आणि कुरकुरतात का बघायला एकेकाला धक्का देत गेला. आठही पाळणे रिकामे आणि आठही हलतायत. नेमका टँकर आलेला, सगळ्या वस्तीच्या बाया दारासमोर घागरी घेऊन उभ्या. मग होन्नव्वा म्हणाली, "ब्याड, ब्याड," म्हणजे नको, नको. मग वडारांच्या ओळीतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून निघून गेली.

रिकामा पाळणा हलवू नये. पोराचं पोट दुखतं, नाहीतर त्याहून वाईट. हे माणात तेच, विजापुरात तेच. मु.च्या वाडीतही तेच असणार, पण त्याचं डोकं साहेबात.

शालन माझ्या शेजारी उभी होती. तिने दोन्ही हात पोटावर घेतले आणि घागर तिथंच ठेवून घरी गेली. घागर मी आणली. माझ्या गुडघ्याला विचारा.

२१ जानेवारी
बाया म्हणतात, त्या पाळण्यात आमची पोरं घालणार नाही. एक तास पण नाही. मु.ने आधी दम दिला, मग हात जोडले, मग चहा सांगितला. चहा सगळ्यांनी घेतला.

शेवटी माझ्याकडे आला. "आज्जे, उद्या बाई येनार आन् पाळणं मोकळं. माजं काय हुईल?"
"पाळणा हलवताना इच्यारलं हुतंस?"
"चुकलं. तू कायतर सांग."
सांगितलं. बारशाला पोराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. टोपडं घालून. जे काही वाईट साईट असेल ते दगडाने घ्यावं, मग पोर घालावं. तर ह्याही पाळण्यांत वरवंटे ठेवू. एक रात्र दगड निजले की पाळणे निवतील, आणि उद्या तासभर पोरं ठेवायला बाया तयार होतील.

बाया आपसात बोलल्या. होन्नव्वाने तिच्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं. कबूल.

आठ वरवंटे कुठून आणायचे? वस्तीत निघाले तीन. बाकी पाच यल्लप्पा वडाराने संध्याकाळच्या आत घडवून दिले. पाटे-वरवंटे हा त्यांचा जुनाच धंदा. काळ्या खडकाचे, कॅनॉलमधलेच. माझ्या पोराने फोडलेले.

संगी म्हणाली, आजी, आपण हे मानत नाही ना? म्हटलं, आपुन न्हाई मानत. पर पाळण्याला कुणी सांगितलंय?

२२ जानेवारी
बाई यायच्या होत्या दुपारी चारला. आल्या सकाळी दहाला.

बाया सगळ्या कामावर. खोलीत मी आणि आठ दगड. मु. धावत आला, तोंडाला फेस. "आज्जे, जीप आली." मला सुचलं ते केलं. दगडांना टोपडी होतीच, वरून संगीच्या जुन्या परकराचं कापड फाडून पांघरुणं घातली, पाळणे जरा भिंतीकडे वळवले. खिडकीला गोणपाट. अंधार बरा.

बाई दारात आल्या. चपला बाहेर काढल्या, हे मला आवडलं. मी तोंडावर बोट ठेवलं. त्या दारातच थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "किती शांत झोपलीत. एक पण रडत नाही?"
"आमची पोरं दगडासारखी निजत्यात, बाई."
मु. दाराबाहेर होता. त्याला खोकला आला.

बाईंनी कागदावर लिहिलं, माझा अंगठा घेतला. जाताना माझ्या गुडघ्याला काय झालंय विचारलं. चांगली बाई. तिला फसवलं, हे दिवसभर टोचत राहिलं. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं, पण मु.चं तोंड दिसलं आणि माझं मिटलं.

कागदाची एक प्रत मु.ला मिळाली. संध्याकाळी संगीने वाचली. आठ बालके आढळली. व्यवस्था समाधानकारक. पाळणाघर कायम ठेवावे. फेरतपासणी करण्यात येईल.
"कायम म्हंजी?" मी विचारलं.
"म्हणजे नेहमीसाठी, आजी."
मी म्हटलं, परत वाच.

२३ जानेवारी
सगळी वस्ती हसते. होन्नव्वा मला बघितलं की दोन बोटं गालाला लावून झोपल्याचं सोंग करते आणि म्हणते, "कल्लु." कल्लु म्हणजे दगड. यल्लप्पा म्हणतो, माझी पाच पोरं सरकारात लागली.

एक शालन हसत नाही.

२४ जानेवारी
मु. हमाल घेऊन आला, सिमेंटची पोती आत टाकायला. मी उठले नाही.

"आज्जे, ऊठ. एक दिवस म्हनलो हुतो."
"कागदावर कायम हाय."
"कागुद माझ्याकडं हाय."
"आन् अंगठा माझा हाय त्याच्यावर."
"आवं, त्यो कागुदच खोटा. दगुड हुतं त्ये."
"लिवलं कुणी? मी तर अंगठेबहाद्दर."

मग त्याने हमालांना सांगितलं, पाळणे उचला. तेव्हा मी म्हटलं, पाळणे उचलायचे तर आधी दगड काढावे लागतील. आणि दगड नुसता काढता येत नाही. पोर आत गेलं तरच दगड बाहेर येतो, आणि काढायचा तो पोराच्या आईने. नाहीतर दगडाने जे घेतलंय ते काढणाऱ्याच्या घरी जातं.

हमाल दोन पावलं मागं सरले. मु.च्या घरी चार महिन्यांचं लेकरू. तोही सरला.

संगे, हे कोणाला वाचून दाखवू नको: बारशाला वरवंटा कुणीही काढतं, नणंद काढते, शेजारीण काढते. हे आईचं आणि घरी जायचं मी जागच्या जागी रचलं. पण रचलं चांगलं.

शेवटी अर्ध्या खोलीत पोती, अर्ध्या खोलीत पाळणे, मधे मी. माझ्या आयुष्यातली पहिली सरहद्द.

२७ जानेवारी
सिमेंटची धूळ. खोकून खोकून बरगड्या दुखतात. अशा खोलीत पोरं आणा म्हणून कुणाला सांगू? दगडांवर करडा थर बसलाय. मी रोज पुसते. शालन म्हणाली, "दगडं पुसताय?" म्हटलं, सवय लावून घेतीया.

२९ जानेवारी
मु.ला सांगितलं, पोती काढ. नाही म्हणाला. म्हटलं, फेरतपासणीला बाई आली आणि पोरांशेजारी सिमेंट दिसलं, तर मी तुझं नाव घेईन. पोरं दिसली नाहीत, तर दगड दाखवीन, तेव्हाही तुझंच नाव घेईन.
"तू म्हातारी हायस का वकील?"
दुपारपर्यंत पोती बाहेर, प्लास्टिकखाली. तशी ती बाई आली त्या आठवड्यात कुठं होती, माहीत नाही. पण मावली.

३ फेब्रुवारी
पुन्हा सुरुंग, पुन्हा दगड, ह्यावेळी बाभळीची फांदी मोडली. झोळी शेजारच्या फांदीला होती.

होन्नव्वा पाटी टाकून सरळ खोलीत आली. काखेत लेक, निंगी. पहिल्या पाळण्यातला वरवंटा एका हाताने उचलला, माझ्या पुढ्यात ठेवला, निंगीला निजवलं, आणि कामावर परत गेली. निंगीने आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भोकाड पसरलं. खोलीत पहिला आवाज. दगडांना बरं वाटलं असेल.

५ फेब्रुवारी
आता चार पोरं. मु.च्या बायकोनेही आणलं तिचं, वाडीवरून, सिमेंटकडे यायचं निमित्त करून. दारात थांबून विचारते, पाणी घरनं आणलंय, तेच पाजाल ना? म्हटलं, तेच पाजते. माझ्या हातचं पाणी चालायचं नाही, मांडी चालते. मांडीला तहान लागत नाही म्हणून असेल. पोर मात्र माझ्याच लुगड्याला मुतलं. त्याला अजून कळत नाही. किती बरं आहे.

शालन अजून पाटी उचलतेच.

८ फेब्रुवारी
शालन सकाळी म्हणाली, "पोटात हलंना झालंय." कालपासून. कुणाला सांगितलं नव्हतं. चेहरा चुन्यासारखा. "त्या दिशी पाळणं हललं, आत्याबाई. माझ्या डोळ्यादेखत."

मी म्हटलं, पाळण्याला आठ पोरांचा हिशेब कुठला ठाऊक, तुझंच बरं नेमकं सापडलं? पण थांबले नाही. मु.च्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी खड्ड्याची आई काढली. नर्सबाईंनी नळी लावून ऐकलं. म्हणाल्या, पोराचे ठोके चांगले आहेत, आईच्या अंगात रक्त नाही, पाटी बंद. मला पण ऐकू दिलं. आत कुणीतरी घाईघाईने चालत होतं.

येताना शालन म्हणाली, "ऐकू आलं. तरीबी त्या पाळण्यात न्हाई घालणार."

१२ फेब्रुवारी
मुलगी. पहाटे. दवाखान्यातच. शालन बरी. दगडूने कामावरून सुट्टी न घेताच तीन वेळा चक्कर मारली आणि तिन्ही वेळा दाराबाहेरूनच विचारलं, "बरं हाय न्हवं?" खडकफोड्या.

संगी म्हणते, नाव मी ठेवणार.

२३ फेब्रुवारी
बारसं साधंच. वंदना झाली, गूळ वाटला. नाव प्रज्ञा. पाळणा नाही, खोपटातच झोळी. शेजारणी म्हणाल्या, अगं तिकडं आठ आठ पाळणे. शालन खाली बघून गूळ वाटत राहिली.

आता खोलीत पाच पोरं, तीन दगड. सहावा पाळणा मी दाराजवळ ठेवलाय, उजेडात. कुणासाठी ते कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

६ मार्च
फेरतपासणी नाही. महिना उलटून गेला. मी रोज जीपचा आवाज ऐकते. आली तर पाच पोरं दाखवीन आणि तीन दगडही दाखवीन. ह्यावेळी लपवणार नाही, असं ठरवलंय. बघू, तोंड ऐनवेळी काय करतंय.

१५ मार्च
बातमी वाईट. इथलं खोदकाम संपलं. होळी झाली की वस्ती हलणार, खिंडीपलीकडे. पाचवा माळ.
मु. म्हणतो, "खोली काय पाठीवर नेनार का आज्जे?"
"तिकडं बांध."
"तिकडं नुसतं सिमेंटाचं कोठार मंजूर हाय."
"कागदावर पाळणाघर कायम हाय."
"त्ये ह्या माळावरचं."
"कागदात माळ लिवलाय? संगे, वाच."
संगीने वाचलं. माळ लिहिलेला नाही. मु. म्हणाला, मी साहेबाला विचारतो. म्हणजे विचारणार नाही.

मला कळत नाही, इतकी मी का चिडते. दोन महिन्यांपूर्वी ही खोली नव्हती, तरी दिवस जात होते. आता नाही म्हटलं तर अंगावरचं काढून घेतल्यासारखं होतं. रात्री झोप नाही, दिवसा बूड टिकत नाही. निंगीच्या पाळण्याची दोरी ओढता ओढता उठते, दारापर्यंत जाते, परत बसते. पोरं वैतागलीत माझ्यावर.

२४ मार्च
होळीची राख अजून गरम. शालन म्हणाली, खिंडीपलीकडे गेलो की कामावर उभी राहते. पोरीला झोळीत घेऊन जाणार, नजरेसमोर ठेवणार.
म्हटलं, खोलीत ठेव.
"तिकडं खोली कुठाय?"
"झाली तर?"
"तरीबी न्हाई. त्यो पाळणा मोकळा हललाय."
मग मी खरं सांगितलं. म्हटलं, आईनं दगड काढायचं, घरी जायचं, सगळं मी रचलेलं. नामाला हटवायला.
ती म्हणाली, "तुमी रचलं आसंल. पर हललं त्ये तर खरं हाय."
संगे, हे तिचं ठळक लिही.

२५ मार्च
आज सांगितलं शालनला. तीस-पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, दगडूच्या बापानंतर कोणाला माहीतही नाही.

दगडूच्या आधी मला एक मुलगी होती. आम्ही धरणाच्या कामावर होतो. झोळी करंजाला, माझ्या नजरेसमोर. नजरेसमोरच होती. शिट्टी झाली, मी पाटी टाकून पळाले. वीस पावलं. वीस पावलांत दगड माझ्या आधी पोचला. म्हणून पुढच्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाने आपलं नाव असलेलं पोर मारू नये म्हणून. तो आता दगड फोडतो.

शालन ऐकत होती. मांडीवर प्रज्ञा. पोरीला खाली निजवलं. माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. एरवी ती कधी लावत नाही.

संगीने हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. म्हटलं, लिही, त्यासाठीच तर शाळेत घातलीय.

२८ मार्च
हललो. पत्रे, गोणपाट, चूल सगळं ट्रॅक्टरवर. पाळणे शेवटच्या खेपेला. मु. म्हणाला, पाळणे राहू देत, साहेबाला विचारून नंतर. मी आधीच ट्रॉलीत चढून बसले होते. चढवलं यल्लप्पाने, गोणीसारखं.
"आज्जे, उतर."
"पाळणं आन् मी एकदम उतरनार, खिंडीपलीकडं."
आणि आठही पाळण्यांत वरवंटे घातले. रिकामे पाळणे ट्रॅक्टरवर आठ मैल हलू देईन होय? सगळी खिंडभर दगडांना झोपाळा. रस्त्यावरच्या एका बाईने हात जोडले, तिला वाटलं असेल कुठल्या देवीची मिरवणूक. मीही हात उचलला. काय जातं.

संध्याकाळी नव्या माळावर बघितलं, बाभळसुद्धा नाही. एकही झाड नाही.

२९ मार्च
विटांचा एक ट्रॅक्टर आला. मु. म्हणतो, कोठाराच्या. मी म्हणते, खोलीच्या. विटा काहीच म्हणत नाहीत.

यल्लप्पाला विचारलं, सुरुंगाचा दगड लांबात लांब किती जातो? तो मोजून चालला, मी मागून काठी टेकत. त्याने जिथं थांबून सांगितलं, तिथून तेवढंच आणखी चालायला लावलं. तिथं माळाला जरा खोलगट आहे, वरती दगडी ताल, म्हणजे बांध, घातलेली. तिथं आठ पाळणे मांडले. भिंत नाही, छप्पर नाही. मधे रोवलेल्या बांबूला यल्लप्पाच्या बायकोने दिलेलं धोतराचं कापड बांधलं सावलीला.

मु. येऊन बघून गेला. "ह्ये काय पाळणाघर म्हनायचं?"
"पाळणं मी आनलंत. घर तू आन."
हसला. पण विटांकडे बघितलं त्याने, मी बघितलं बघताना.

३० मार्च
शाळेला सुट्टी, म्हणून संगी इथंच आहे, पाळण्यांजवळ बसून लिहिते. सकाळपासून होन्नव्वाची निंगी आणि बाकी चार पोरं माझ्याकडे. त्यातलं एक मु.चं, त्याची बायको घेऊन आली, खिंड ओलांडून. पाण्याचं विचारलं नाही आज. विसरली असेल.

शालन कामावर उभी राहिली. प्रज्ञाची झोळी झाड नाही म्हणून तीन काठ्यांच्या तिकाटण्याला, खोदकामाच्या काठावर. इथून दिसते. लाल पातळाची झोळी आहे, म्हणून दिसते. सकाळपासून मी दुसरीकडे बघितलेलं नाही. निंगीने दोनदा दूध ओकलं ते संगीने पुसलं.

मु. गवंड्याला घेऊन आला. दोघं विटांपाशी उभे राहून दोरी धरतायत. कुठं, ते इथून कळत नाही. कोठाराच्या बाजूला का आमच्या. संगी म्हणते, आमच्या. तिची नजर चांगली, पण ती माझी नात आहे.

पहिली शिट्टी झाली. दुपारचा सुरुंग.

झोळी हलली. शालनने उचलली. येतेय. पोरीला छातीशी धरून येतेय, पळत नाही, भरभर चालतेय. इकडेच.

आली. धापा टाकतेय. सहाव्या पाळण्याशी उभी आहे. वरवंटा उचलला तिने, एका हाताने. एका हातात पोर, एका हातात दगड. पाळणा रिकामा. मी दोरी घट्ट धरलीय, हलू नये म्हणून. एवढं माझ्या हातात आहे, एवढंच.

दुसरी शिट्टी झाली. दगडू खाली आहे.

संगी वर बघतेय. म्हटलं, तू लिहीत राहा. बघायचं काम माझं.